विचारलं तेवढंच

प्रेरणाला इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात नऊपैकी पाच गुण मिळाले, तेव्हा तिच्या वडिलांनी, प्रभाकररावांनी, निकालाचा कागद एकदा चष्मा लावून वाचला, एकदा चष्मा काढून वाचला आणि शेवटी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. आकडा काही हलला नाही. ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला साडेपाच मिळाले होते, म्हणजे चार महिने घासून पोरगी अर्ध्या गुणानं मागे आली होती.

ऐकणं, वाचणं, लिहिणं या तिन्ही भागांत तिला सातच्या वर गुण होते. बोलण्यातही सातच हवे होते, कारण न्यूझीलंडच्या एका दवाखान्यानं तिला नर्स म्हणून घ्यायचं कबूल करताना तशी अट घातली होती. मार्च संपायच्या आत सातचा कागद पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि दोन हजार नऊ साल उजाडायला आता आठवडाच राहिला होता.

बरं, पोरगी अबोल होती म्हणावं तर तसंही नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात ती वॉर्डात उभी राहिली की दारू पिऊन आलेले नातेवाईकसुद्धा चपला बाहेर काढून बाकावर सरळ बसत. पण समोर एखादा वडीलधारा माणूस खुर्चीत बसला आणि त्यानं प्रश्न विचारला, की तिच्या तोंडाला कुलूप लागे. परीक्षा घेणारे साहेब म्हणत, तुमच्या गावाबद्दल सांगा. ही सांगे, "वर्धा, सर." साहेब पुढचं ऐकायची वाट पाहत. ही पुढच्या प्रश्नाची वाट पाहे. अशा वाट पाहण्यातच परीक्षेची वेळ संपून जाई.

हे कुलूप कोणी लावलं ते वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लावणाऱ्याला. प्रभाकरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षांत त्यांनी एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळला होता: वरून पत्र आलं की विचारलं तेवढंच कळवायचं. एक ओळ जास्त लिहिली की त्या ओळीवर दुसरं पत्र येतं. हा नियम त्यांनी जेवणाच्या डब्याबरोबर ऑफिसातून घरी आणला. प्रेरणा लहानपणी शाळेतली काही गंमत सांगायला लागली की ते म्हणत, "विचारलं तेवढंच सांग." शाळा सुटली का? सुटली. जेवलीस का? जेवली. वीस वर्षांत पोरगी तयार झाली.

या नियमातून सुटल्या त्या एकट्या कौशल्याबाई. त्यांना दुधाचा भाव विचारला तर उत्तर गवळ्याच्या साडूच्या पोरीच्या लग्नापर्यंत जाई. पोटात गोष्ट राहणं हा प्रकार त्यांच्या माहेरीही कधी कोणाला जमला नव्हता. त्यांच्यापुढे प्रभाकररावांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हात टेकले होते.

दुसऱ्या खेपेची तयारी खुद्द प्रभाकररावांनीच करून घेतली होती. त्यांच्या इंग्रजी मसुद्यांना एके काळी नागपूरच्या ऑफिसात मान होता, त्यामुळे बाहेरचा मास्तर कशाला, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून साहेब होत आणि प्रेरणा समोर स्टुलावर बसे. त्याचा परिणाम असा झाला, की परीक्षेत साहेबांनी छंद विचारला तेव्हा ती म्हणाली, "विथ रेफरन्स टू युवर क्वेश्चन, आय ॲम टू स्टेट दॅट माय हॉबी इज कुकिंग." आणि थांबली. खाली सही करून शिक्का मारायचा तेवढा राहिला होता.

मग मात्र ते गुमान गावातल्या क्लासच्या निकेश सरांकडे गेले. निकेश सरांनी प्रेरणाला दहा मिनिटं तपासलं आणि प्रभाकररावांना बाजूला घेतलं.

"काकाजी, हिचं ग्रामर माह्यापेक्षा चांगलं हाये. शिकवाचं काही बाकी नाई. हिले अनोळखी माणसासमोर बसवा. एखादा फॉरेनर भेटला तर सोन्याहून पिवळं."

आता फॉरेनर कुठे भेटतो हे वर्ध्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. प्रेरणाची सुटी सोमवारी असे. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी प्रभाकररावांनी स्कूटर काढली आणि सेवाग्रामचा रस्ता धरला.

तिकडे विणकाम शिकवणारं एक छोटंसं केंद्र होतं. त्याच्या अंगणात कडुनिंबाखाली एक गोरी बाई सूत उकलत बसली होती. वय पन्नाशीचं, अंगानं भक्कम, गाल लाल, अंगात खादीचा सैल कुर्ता. प्रभाकररावांनी नमस्कार केला आणि रस्ताभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. माझ्या मुलीला आपल्या मोलाच्या सहकार्याची गरज आहे, असा त्या इंग्रजी वाक्याचा मतलब होता. बाई हसल्या. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि नाही म्हणून मान हलवली. प्रभाकररावांनी तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हटलं. बाईंनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या एखाद्या गावचा माणूस असता तर बुचकळ्यात पडला असता. पण प्रभाकररावांचे वडील बापूंच्या काळात सेवाग्रामला पायी जाऊन आलेले होते, आणि बापू सोमवारी मौन पाळत हे त्यांनी मुलाकडून घोटून घेतलं होतं. आज सोमवार. ओठांवर बोट. आणखी काय पुरावा पाहिजे? प्रभाकररावांना शरमल्यासारखं झालं. कुठून कुठे येऊन ही बाई व्रत पाळते आहे आणि आपण तिला बोलायला लावतो आहोत. त्यांनी स्वतःचे कान पकडले. मग हाताचा घास करून तोंडाकडे नेला, स्कूटरकडे बोट दाखवलं आणि जेवायला चला अशी खूण केली. बाईंनी जरा विचार केला, झोळी उचलली आणि मागच्या सीटवर बसल्या. स्कूटरचं पुढचं चाक किंचित हलकं झालं.

बाहेर पडताना फाटकावरच्या वहीत नाव लिहावं लागे. तिथे त्यांनी वाचलं: इलोना, देश हंगेरी. हंगेरीत कोणती भाषा बोलतात हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. गोऱ्या माणसाला इंग्रजी येतं, ही बाब त्यांच्याकडे केव्हाच मंजूर होऊन फाईलला लागलेली होती.

कौशल्याबाईंनी दार उघडलं आणि पदराला हात पुसत पाहतच राहिल्या.

"बाप्पा, हे कोन आणली तुमी?"

"हळू बोल. त्यांचं मौन आहे." प्रभाकरराव घरातही ऑफिसची शुद्ध भाषा बोलत.

"मौन हाये तं मंग बोलाच्या परीक्षेले काय कामाची?"

म्हणणं खरं होतं. पण इतक्या लांबून आणलेल्या पाहुणीला दारातून परत कसं न्यायचं? म्हणून त्यांनी इलोनाबाईंना खुर्चीत बसवलं, प्रेरणाला समोर स्टुलावर बसवलं आणि आपण दाराआड जाऊन उभे राहिले.

प्रेरणा प्रश्नाची वाट पाहत बसली. प्रश्न येणारच नव्हता. पाच मिनिटं नुसतं भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. जिला विचारलं तेवढंच सांगायची सवय, तिला कोणी काहीच विचारलं नाही तर तिनं करायचं काय? शेवटी पाहुणीला बरं वाटावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली, की आज थंडी आहे. इलोनाबाईंनी मान डोलावली. मग म्हणाली, की ही थंडी काहीच नाही, आमच्याकडचा उन्हाळा पाहायला पाहिजे. पुन्हा मान डोलली. मग उन्हाळ्यात दवाखान्यात काय हाल होतात ते निघालं. समोरची मान काही डोलायची थांबेना, त्यामुळे हिलाही थांबायला जागा सापडेना. अर्ध्या तासानं प्रेरणा हातवारे करून वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या धुरपताबद्दल सांगत होती, जिनं सलाईनच्या बाटलीला हळदकुंकू लावलं होतं. इलोनाबाई हसून लाल झाल्या होत्या. दाराआड प्रभाकररावांना वाटलं, ही आपली पोरगी नव्हेच.

मग कौशल्याबाई पाहुणीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गोळाभात व्हायला तासभर लागला आणि तो तासभर आतून भांड्यांचे आणि हसण्याचे आवाज येत राहिले. हसल्यानं मौन मोडत नाही, असं प्रभाकररावांनी स्वतःला समजावलं. पाहुणीला पोचवून आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "कशी वाटली बाई?"

"चांगली हाये," कौशल्याबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

इतकंच. कौशल्याबाईंनी कोणत्याही माणसाबद्दल दोन शब्दांत आवरल्याची ही आयुष्यातली पहिली वेळ होती. पण प्रभाकरराव आपल्या विजयाच्या आनंदात होते, त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. त्यांनी लगेच पुढचा बेत सांगितला, की आता गुरुवारी बाईंना आणू, मौन नसेल, खऱ्या गप्पा होतील. प्रेरणाचा चेहरा पडला.

"नको बाबा. सोमवारीच आणा. बोलणारी बाई आली तं माझं बंद पडन."

तेव्हा सोमवारच ठरला.

दुसऱ्या सोमवारी शेजारच्या मंदाबाई विरजण मागायला आल्या आणि खुर्चीत गोरी बाई पाहून विरजण विसरल्या. मौनाचं कळल्यावर त्यांचा आदर एकदम वाढला. त्यांची सून महिनाभर रुसून माहेरी सेलूला जाऊन बसली होती. घरात हे ऐकायला कोणी तयार नव्हतं, कारण चूक कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मंदाबाईंनी सगळी हकिगत इलोनाबाईंपुढे मांडली आणि शेवटी रडल्या. इलोनाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. गुरुवारी सून आपल्या पायांनी परत आली. ती माहेरची संक्रांत आटोपली म्हणून आली होती, पण हे मंदाबाईंना कोण सांगणार? त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं, की प्रभाकररावांकडे एक मौनी बाई येते, तिच्या कानावर घातलेलं काम होते.

तिसऱ्या सोमवारी दारात चपलांचे अकरा जोड होते. चौथ्या सोमवारी कोणी मोजले नाहीत. हिंगणीहून एक माणूस हरवलेल्या म्हशीसाठी आला. एका मास्तरला बदली पाहिजे होती, गल्लीतल्या सुलोचनाबाईंना गुडघे. टेबलावर नारळांची रास लागली. गर्दी पाहून प्रभाकररावांमधला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी पुठ्ठ्याचे नंबर कापले आणि आवक रजिस्टर उघडलं: अनुक्रमांक, नाव, गाव, विषय. विषय सून. विषय बदली. विषय म्हैस. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहिला नंबर मात्र कायम प्रेरणाचा. त्यामुळे झालं असं, की ती इलोनाबाईंशी अर्धा तास इंग्रजी बोले आणि पंचवीस-तीस माणसं भोवती मांडी घालून ऐकत बसत. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सुलोचनाबाई तर ते स्तोत्र आहे असं समजून हात जोडून बसत आणि संपलं की नमस्कार करत. पहिल्या दिवशी प्रेरणाला घाम फुटला होता. चौथ्या सोमवारपर्यंत तिला या लोकांसमोर गप्प बसणंच अवघड वाटायला लागलं.

त्याच चौथ्या सोमवारची गोष्ट. प्रभाकरराव दाराबाहेर सात नंबरचा पुठ्ठा हातात घेऊन उभे होते. आतून प्रेरणाचा आवाज येत होता. त्या गर्दीत तिचं इंग्रजी समजणारा माणूस ते एकटेच, असं निदान त्यांना वाटत होतं, पण बोलण्याच्या ओघात पोरगी ते विसरली असावी.

"माय फादर इज ए गुड मॅन, मॅडम," ती म्हणत होती. "बट इन अवर हाऊस ही आस्क्स अँड वुई आन्सर. नोबडी टेल्स हिम एनिथिंग. आय ऑल्सो वाँट टू टेल."

प्रभाकरराव तिथेच उभे राहिले. म्हशीवाला आपला नंबर मागत होता, त्यांना ऐकू आलं नाही. माझे बाबा चांगले आहेत, पण ते विचारतात आणि आम्ही उत्तर देतो, त्यांना कोणी काही सांगत नाही, मलाही सांगायचं असतं. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच ते सरळ काळजात गेलं. पोरीनं हे एका परक्या मुक्या बाईला सांगावं, आणि बापाला दाराबाहेरून ऐकावं लागावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "काल वॉर्डात काय झालं?"

"काई नाई, बाबा."

प्रभाकररावांनी वरणाची वाटी पुढे ओढली. "आणि... आणखी?"

प्रेरणानं घास ताटात ठेवला, आईकडे पाहिलं आणि उठून बीपीचं यंत्र घेऊन आली. बीपी ठीक निघालं. तरी त्या दिवशी त्यांना लवकर झोपायला लावलं गेलं.

पाचव्या सोमवारी निकेश सर स्वतः हजर झाले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं आणि त्यांना क्लासची पंधरा पोरं घेऊन मंगळवारी इलोनाबाईंशी गप्पा मारायला यायचं होतं. पोरांना खरा उच्चार ऐकायला मिळेल, असं ते म्हणाले. प्रभाकरराव हो म्हणणार, एवढ्यात कौशल्याबाई गरम सांबारवड्यांची, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांची, बशी घेऊन आल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या.

"मंगळवारी बाई सूत रंगवते. बुधवारी मागावर बसते. गुरुवारी तिची पाठ दुखते. शुक्रवारी डोकं धुते. तुमी वड्या खा, सर."

निकेश सरांनी वड्या खाल्ल्या आणि गेले. मौन पाळणाऱ्या बाईचं इतकं बारीक वेळापत्रक बायकोला कसं कळलं, हे प्रभाकररावांना कळेना. बायकांचं बायकांना कळत असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. त्याच दिवशी स्वयंपाकघरातून "भाकर जाड झाली जी" असे शब्द त्यांच्या कानावर आले. आवाज भरड होता, कौशल्याबाईंचा वाटत नव्हता. बायकोला सर्दी झाली, असं समजून त्यांनी संध्याकाळी स्वतःच्या हातानं हळदीचं दूध करून दिलं. कौशल्याबाईंनी ते एक शब्द न बोलता पिऊन टाकलं.

सहावा सोमवार झाला आणि त्याच आठवड्यात नागपूरला परीक्षा झाली. प्रभाकरराव बाहेर बाकावर बसून होते. प्रेरणा बाहेर आली ती चेहरा पाडून नव्हे, तर ओढणी सावरत, घाईघाईनं.

"काय विचारलं?" ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, सांग. काय सांगायचं ते सांग."

"दोन मिनिटं बोलायचं होतं, बाबा. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल. साहेबांनी थांब म्हणून हात वर केला, तरी माझं चालूच होतं. ते हसाले लागले."

"कोणाबद्दल बोललीस?"

"तुमच्याबद्दल."

"काय?"

"ते एवढ्यात नाई सांगत," प्रेरणा म्हणाली. पण वर्ध्याला येईपर्यंत बसमध्ये ती बाकी सगळं सांगत होती, आणि प्रभाकररावांनी सेलूपर्यंत एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. साडेसात. प्रभाकररावांनी तो कागदही चष्मा लावून, चष्मा काढून आणि उजेडात धरून वाचला. मग देवापुढे ठेवला आणि डोळे पुसायला मोरीत गेले.

आता इलोनाबाईंचा सत्कार करणं ओघानंच आलं. त्यासाठी प्रभाकररावांनी मुद्दाम मंगळवार निवडला, म्हणजे मौनाची अडचण नको आणि बाईंना चार शब्द बोलता येतील. कौशल्याबाई म्हणाल्या, सोमवारच बरा. प्रभाकररावांनी ऐकलं नाही. शाल आली, नारळ तर घरातच चाळीस पडले होते. त्यांनी चार पानी इंग्रजी भाषणाचा मसुदा केला. व्हरांड्यात सतरंज्या पडल्या, गल्ली लोटली, मंदाबाई सुनेला घेऊन पुढे बसल्या आणि निकेश सर पंधरा पोरांना वही-पेनासकट घेऊन आले. प्रत्येक शब्द लिहून घ्या, असं त्यांनी पोरांना बजावलं.

शाल घालून झाली. आधी पाहुण्या बोलतील, मग मी, असं प्रभाकररावांनी जाहीर केलं आणि इलोनाबाईंना हातानं उठायची खूण केली. इलोनाबाई उठल्या. त्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी सुस्कारा सोडला आणि बोल म्हणून मान हलवली.

"नमस्कार जी," इलोनाबाई म्हणाल्या. आवाज भरड होता. "मले इंग्रजी येत नाई. मौन बी नाई पाळत. मी भल्ली बोलते, पण माही भाषा इथं कोनाले समजत नाई. हे बोलाले कौशल्याबाईनं शिकवलं. भाकरी बी शिकवल्या."

व्हरांड्यात पंधरा पेनं जागच्या जागी थांबली. प्रेरणा उठून उभी राहिली होती.

"मंग मी सहा सोमवार कोनाशी बोलली?"

"माह्याशी," इलोनाबाई म्हणाल्या. पुढचे शब्द त्यांना शोधावे लागले. "एक दिवस तू रडली. थे समजलं."

तो दिवस कोणता, हे प्रभाकररावांना कोणी सांगायची गरज नव्हती. दाराबाहेरून त्यांना आवाज ऐकू आला होता, डोळे दिसले नव्हते.

पहिल्यांदा सावरल्या त्या मंदाबाई. त्या म्हणाल्या, "इंग्रजी येत नाई तं नसू दे. आमी कोठी इंग्रजीत सांगतलं होतं? माही सून आली नं." लोकांना हे पटलं. म्हशीवाल्यानंही मान डोलावली. त्याची म्हैस सापडली नव्हती, पण सांगून बरं वाटलं होतं.

प्रभाकरराव बायकोकडे वळले. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या सोमवारपासून. सैपाकघरात आली अन् आपल्या भाषेत जे सुरू झाली, थे नातवाच्या दातापर्यंत गेली. म्या म्हटलं, मौन काई असं नसते. इंग्लिस येते का म्हणून विचारलं, तं दोन्ही हात हलवले. तिच्यासंगं इंग्रजीवाली मैत्रीण होती, थे बिमार पडून आपल्या देशात गेली म्हणे. बिचारी एकटीच होती."

"आणि दोन महिने तू मला सांगितलं नाहीस? तू?"

"पोरगी बोलून राह्यली होती," कौशल्याबाई म्हणाल्या. "बाईले समजत नाई असं सांगतलं असतं, तं तिचं पुन्हा बंद पडलं असतं. वीस वर्सांनी तोंड उघडलं होतं तिनं. अन् तुमी मले विचारलं तरी कोठी? तुमी विचारलं, कशी वाटली बाई. म्या सांगतलं, चांगली हाये. या घरात विचारलं तेवढंच सांगाचं असते नं?"

खरं मौन कोणी पाळलं होतं ते प्रभाकररावांच्या आत्ता ध्यानात आलं. पोटात एक गोष्टही न ठेवणाऱ्या या बाईनं दोन महिने केवढी गोष्ट सांभाळली होती, आणि वर नवऱ्याच्या हातचं हळदीचं दूधही गुमान प्यायली होती.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. निकेश सरांनी पोरांना इशारा केला, पेनं पुन्हा वर झाली. प्रभाकररावांनी चार पानी भाषणाची घडी केली, खिशात घातली, खुर्चीत बसले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाबूजी, आज तं मंगळवार हाये," मंदाबाई म्हणाल्या.

प्रभाकररावांनी हो म्हणून मान हलवली, पण बोट काही काढलं नाही. मग प्रेरणाच पुढे आली, बापाशेजारी स्टूल ओढून बसली आणि मंडळींना न्यूझीलंडबद्दल सांगायला लागली. तिला कोणीच काही विचारलं नव्हतं.